‘जाने भी दो यारों’ मित्रमंडळींसोबत पुन्हा बघायचा असेल तर

आमच्याकडे ऑगस्टमधली एक शनिवारची संध्याकाळ ‘जाने भी दो यारों’साठी राखलेली असते. सिनेमा १९८३च्या ऑगस्टमध्ये आला होता, म्हणून ऑगस्ट. गेली बारा-तेरा वर्षं हा नेम चालू आहे. या काळात कुणाची बदली झाली, कुणी कायमचं पुण्याला गेलं, दोघांची मुलं कळती झाली आणि आता तीही आमच्याबरोबर सतरंजीवर येऊन बसतात. सिनेमा अजिबात न बघितलेले दोन-तीन जण दरवर्षी असतातच. त्यांच्यासाठी, आणि अशी बैठक पहिल्यांदाच भरवू पाहणाऱ्यांसाठी, अनुभवातून जे जमत गेलं ते इथे लिहितो आहे.

आधी सिनेमाची तोंडओळख. कुंदन शाह यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाचा, आणि सगळा खर्च सात लाखांच्या आसपास. विनोद (नसीरुद्दीन शाह) आणि सुधीर (रवी बासवानी) हे दोन सरळ मनाचे, खिसा रिकामा असलेले छायाचित्रकार मुंबईत स्टुडिओ थाटतात. ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादक शोभा सेन (भक्ती बर्वे) त्यांना काम देते, ते बड्या बिल्डरांची लफडी फोटोत पकडण्याचं. एका बागेत काढलेला फोटो मोठा करता करता त्यांना त्यात खून दिसतो. तिथून पुढे एक प्रेत सापडतं, हरवतं, पुन्हा सापडतं, पुन्हा हरवतं.

खुनी कोण हा प्रश्न इथे फार वेळ टिकत नाही, हे नव्या माणसाला आधीच सांगून ठेवा. रहस्यपट म्हटलं की लोक पहिल्या मिनिटापासून संशयित मोजायला लागतात आणि इथे तो खेळ नाही म्हणून हिरमुसतात. इथली उत्कंठा वेगळी आहे. पुरावा या दोघांच्या हातात आहे, पण तो कुणापर्यंत पोचवायचा? प्रेत कुणाचं हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. महापालिका आयुक्त डिमेलो, म्हणजे सतीश शाह, आणि ते प्रेत आता इतकं प्रसिद्ध आहे की त्याचंच चित्र बघून लोक सिनेमा ओळखतात. शेवट मात्र मी इथे लिहिणार नाही आणि तुम्हीही आधी सांगू नका.

माणसं जमवणं

सहा ते आठ जण पुरेत. दोघांत हा सिनेमा चांगला वाटतो, आठ जणांत तो पेटतो. पंधराच्या वर गेलं की मागे गप्पांचा दुसरा फड सुरू होतो. बघितलेले आणि न बघितलेले साधारण निम्मे-निम्मे ठेवा. बघितलेल्यांचं हसू कुठे येणार हे ठरलेलं असतं. न बघितलेला माणूस अनपेक्षित जागी हसतो आणि मग बाकीच्यांनाही ती जागा नव्याने दिसते. आमच्याकडे एकदा शेजारच्या आजी आल्या होत्या. केकच्या प्रसंगाला त्या हसल्या नाहीत, पण उद्घाटनाच्या भाषणाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली होती.

एक नियम पहिल्याच निरोपात लिहून टाका: ज्यांना संवाद पाठ आहेत त्यांनी ते पडद्यावरच्या माणसाच्या आधी म्हणायचे नाहीत. आमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक मित्र प्रत्येक ओळ अर्धा सेकंद आधी म्हणत होता. प्रेमापोटीच, त्यात वाद नाही. पण पहिल्यांदा आलेल्या दोघी सिनेमा सोडून त्याच्याकडेच बघत राहिल्या, त्याला वाईट वाटू नये म्हणून हसल्या आणि घरी गेल्या. त्यांचा तो पहिला अनुभव त्यांना परत मिळणार नाही, याची मला अजून हळहळ आहे. संवाद म्हणायचे ते संपल्यावर, हवे तितके.

प्रत आधी बघून ठेवा

या पायरीला फाटा देऊ नका. इंटरनेटवर या सिनेमाच्या फिकट, कापलेल्या, चेहरे आडवे ताणलेल्या बऱ्याच प्रती फिरत असतात. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्त केलेली प्रत पुन्हा चित्रपटगृहांत लागली होती. त्यात काळोख काळा दिसतो आणि माणसांच्या त्वचेचा रंग माणसांसारखा. अधिकृत प्रत मिळवा आणि आदल्या दिवशी दोन ठिकाणी तपासा, एकदा डार्करूमचा प्रसंग आणि एकदा शेवटचं नाटक. पहिल्यात अंधार आहे, दुसऱ्यात गर्दी आणि आरडाओरडा. या दोन्ही जागी चित्र आणि आवाज नीट असेल तर बाकीचं सांभाळून जातं. लांबी सव्वादोन तासांच्या आसपास असायला हवी. बरीच कमी दिसली तर काहीतरी छाटलेलं आहे असं समजा.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. टीव्हीचा स्वतःचा आवाज अशा जुन्या ध्वनिमुद्रणाला पुरत नाही. साधा बाहेरचा स्पीकर जोडला तरी फरक कळतो. हिंदी सोपी असली तरी शेवटच्या धुमश्चक्रीत चार-चार जण एकाच वेळी बोलतात, तेव्हा उपशीर्षकं असतील तर लावा.

वेळ आणि खाणं

संध्याकाळी साडेपाचला सुरू करा. मध्ये दहा मिनिटांचा चहा धरला तरी आठच्या सुमारास सिनेमा संपतो आणि लांब जाणाऱ्यांची गाडी न चुकता तासभर बोलायला मिळतो. हा तास ठेवायचाच. रात्री दहाला सुरू केलेली बैठक आम्ही एकदा करून पाहिली. संपल्यावर सगळे गप्प आणि पेंगुळलेले होते, आणि त्यातलं गप्प राहणं सिनेमामुळे की झोपेमुळे हेच कळेना.

मध्यंतर डिमेलोंचं प्रेत शवपेटीसकट या दोघांच्या हाती लागतं त्या सुमारास घ्या. तिथून पुढे वेग असा वाढतो की नंतर थांबवलं तर लय तुटते.

खायला वडापाव, चहा, काहीही चालेल, मात्र केक हवाच. सिनेमात केकचा एक प्रसंग आहे, थोडा खायचा आणि थोडा फेकायचा. बड्या माणसांच्या उधळपट्टीवर इतक्या कमी वेळात इतकं बोलणारा प्रसंग मी दुसरा बघितलेला नाही. तो प्रसंग झाल्यावर केक कापा, आधी नको. चिवडा आणि वेफर मात्र दुसऱ्या भागात आवरून ठेवा.

सुरू करण्याआधीची दहा मिनिटं

आज विशी-पंचविशीत असलेल्यांना १९८३ची मुंबई माहीत असणं शक्य नाही. तीन गोष्टी सांगितल्या की त्यांची बरीच अडचण दूर होते.

पहिली, ‘कमिशनर’ म्हणजे इथे पोलीस नव्हे, महापालिकेचा आयुक्त. मुंबईत महापौराचा मान मोठा असला तरी कारभाराची सूत्रं राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हातात असतात. पुलांची आणि इमारतींची कंत्राटं हवी असलेल्या तर्नेजा (पंकज कपूर) आणि आहुजा (ओम पुरी) या दोन बिल्डरांना या एका माणसाची मर्जी का सांभाळावी लागते, ते एवढ्याने कळतं. हे न सांगितल्यामुळे आमच्याकडे एक मुलगा अर्धा सिनेमा ‘पोलीसच मेला तर पोलीस तपास का करत नाहीत’ असं विचारत होता.

दुसरी गोष्ट सिमेंट. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, हवं तेवढं दुकानात जाऊन आणता येत नसे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अंतुले यांना जानेवारी १९८२मध्ये राजीनामा द्यावा लागला तो बिल्डरांना दिलेल्या सिमेंटच्या प्रकरणावरून. त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. म्हणजे हा सिनेमा पहिल्यांदा बघणाऱ्या मुंबईकराने बिल्डर, सिमेंट, देणग्या हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात वाचलेले होते. पडद्यावर वाळूमिश्रित कारभाराचा नुसता उल्लेख आला तरी त्याला बाकीचं समजत असे.

तिसरी गोष्ट फोटोची, आणि तिला वेळ द्या. घरात जुनी निगेटिव्हची पट्टी असेल तर ती शोधून काढा आणि मोबाइलच्या पांढऱ्या उजेडावर धरून सगळ्यांना दाखवा. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मग सांगा की ही इवलीशी चौकट एनलार्जर नावाच्या यंत्रातून कागदावर पाडत. कृष्णधवल कागदाला लाल उजेड चालतो, म्हणून डार्करूममध्ये तांबडा दिवा. कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवला की काही सेकंद कोराच राहतो, मग सावली उमटते, मग कडा, मग चेहरा. नंतर तो फिक्सरमध्ये, ज्याला सगळे हायपो म्हणत, टाकून पक्का करायचा. आणखी मोठं करायचं तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय जितकं मोठं करावं तितकी ग्रेन वाढते, म्हणजे चित्र ठिपक्यांत विरघळायला लागतं.

एवढं ठाऊक असलेला माणूस विनोद-सुधीर फोटो मोठा करत जातात तो प्रसंग श्वास रोखून बघतो. दोन बोटांनी पडद्यावरचं चित्र फाकवणाऱ्या पिढीला तो नाहीतर संथ वाटतो. गेल्या वर्षी एका चौदा वर्षांच्या मुलीने पट्टी हातात घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

बघताना

सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं खोली फार हसत नाही. घाबरू नका आणि ‘पुढे मजा आहे’ असं सांगतही बसू नका. दिग्दर्शक तोवर माणसं मांडतो आहे. या दोघांचा भाबडेपणा मनात बसला नाही तर पुढचं सगळं नुसती धावपळ वाटेल.

मग टेलिफोनचा प्रसंग येतो. विनोद आणि तर्नेजाचा माणूस अशोक (सतीश कौशिक) एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून, फोनवर बोलत राहतात. रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांनी संवाद लिहिले आहेत, म्हणजे पडद्यावर गोंधळ घालणाऱ्यातला एक जण तो गोंधळ कागदावर लिहिणाराही आहे. इथे आवाज एक घर वाढवा. हसण्यात पुढची ओळ बुडते आणि इथली प्रत्येक ओळ कामाची आहे.

शवपेटीचा प्रसंग हा माझ्या मते सगळ्या सिनेमातला सर्वांत अवघड अभिनय. दारूच्या नशेत आहुजा रस्त्यावरच्या शवपेटीला मोटार समजतो आणि आतल्या मयताला ती चालवणारा. त्याच्याशी बोलतो, चौकशी करतो, मदत देऊ करतो. ओम पुरींसमोर उत्तर देणारं कुणीही नाही, तरी गप्पा मारणारे दोघे आहेत असा भास ते उभा करतात. नव्या लोकांना नुसतं हसू द्या. दुसऱ्यांदा बघत असाल तर एक करा, ओम पुरींवरून नजर काढून सतीश शाहांकडे बघा. पुढच्या सगळ्या पळापळीत त्यांना ढकललं जातं, उभं केलं जातं, चाकांवरून सरकवलं जातं, आणि ते सगळीकडे मेलेलेच आहेत. मेलेल्या माणसाला शरीराचा भार सांभाळायची सोय नसते; तो भार दुसऱ्यांवर टाकणं त्यांना फार नेमकं साधलं आहे.

आणि मग ते नाटक. प्रेत घेऊन पळताना सगळे एका रंगमंचावर येऊन पोचतात, तिथे द्रौपदी वस्त्रहरण चालू असतं आणि डिमेलोंचं प्रेतच द्रौपदी होऊन बसतं. त्याला वाचवायचं तर वस्त्रहरण होता कामा नये, म्हणून दुर्योधनाला भर दरबारात मत बदलावं लागतं. भीम काळा चष्मा लावून येतो. आंधळा धृतराष्ट्र काय चाललंय ते विचारत राहतो. पुढे तर महाभारतात मुघल दरबारही शिरतो. कोकणातल्या माणसाला हा प्रसंग वेगळ्या कारणाने आवडतो हे मी दोन-तीनदा पाहिलं आहे. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतात, समोरच्याने काहीही टाकलं तरी ते झेलून कथा पुढे नेतात. इथे नट नसलेली माणसं जिवाच्या भीतीने तेच करत असतात. मालवणकडचा आमचा एक मित्र या प्रसंगाला हसत नाही, दाद देतो, अगदी जत्रेत बसल्यासारखी.

या पंधरा मिनिटांत कुणालाही प्रश्न विचारू देऊ नका. फोन आला तर बाहेर.

ज्यांनी तो चार वेळा बघितला आहे त्यांच्यासाठी

नामावली नीट वाचा. विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा ही नायकांची नावं युनिटमधल्याच दोघांची आहेत. सुधीर मिश्रा पटकथेत सहभागी होते आणि विधू विनोद चोप्रा निर्मितीची व्यवस्था बघत होते. त्यातले चोप्रा शेवटच्या नाटकात दुःशासन म्हणून दिसतात. कुंदन शाह, संकलक रेणू सलुजा, छायाचित्रणकार बिनोद प्रधान, ओम पुरी, नसीरुद्दीन, सतीश शाह, हे सगळे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले. अनुपम खेर यांनी यात एका मारेकऱ्याची भूमिका केली होती, ती सगळीच्या सगळी संकलनात गेली. नसीरुद्दीन यांच्या हातातला कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता. पंकज कपूर तेव्हा तिशीचेही नव्हते, हे माहीत झाल्यावर तर्नेजाचं ते गुळगुळीत, प्रौढ हसू परत बघा.

फोटो काढतात त्या बागेचं नाव अँटोनिओनी पार्क. इटलीच्या मायकेलअँजेलो अँटोनिओनींनी १९६६मध्ये ‘ब्लो-अप’ केला, त्यातही एक छायाचित्रकार बागेतला फोटो मोठा करतो आणि त्याला खून दिसतो. हे आधी सांगू नका, मध्यंतरात सांगा. तसंच ‘जाने भी दो यारों’मधला गुप्त संकेत, तो नसीरुद्दीन यांच्याच १९८०च्या एका चित्रपटाचं नाव आहे, सईद मिर्झांच्या.

मराठी प्रेक्षकाने भक्ती बर्वेंसाठी एकदा हा सिनेमा वेगळा बघावा असं मला मनापासून वाटतं. ‘ती फुलराणी’तल्या मंजुळेचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना शोभा सेनचा आवाज ओळखूच येत नाही. मंजुळा एकेक शब्द झगडून मिळवते. शोभा एकही शब्द वाया घालवत नाही. ती शांत बसलेली असते तेव्हा काय करते, कुणाकडे बघते, यावर नजर ठेवा. पहिल्या वेळी ते सुटतं. २००१मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात त्या गेल्या. रेणू सलुजा २०००मध्ये, रवी बासवानी २०१०मध्ये, ओम पुरी आणि कुंदन शाह २०१७मध्ये, सतीश कौशिक २०२३मध्ये आणि सतीश शाह २०२५च्या ऑक्टोबरमध्ये. आता नामावली वर सरकते तेव्हा आम्ही ती पूर्ण बघतो.

संपल्यावर

शेवटी ‘हम होंगे कामयाब’ वाजतं. गिरिजाकुमार माथुरांचे हे हिंदी शब्द आपण सगळ्यांनी शाळेच्या मैदानात रांगेत उभं राहून म्हटलेले आहेत. ते इथे कसे येतात हे न बघितलेल्याला स्वतःच कळू द्या. गाणं चालू असताना दिवा लावायचा नाही, कप उचलायचे नाहीत, ‘कसा वाटला’ विचारायचं नाही. अर्ध्या तासापूर्वी याच खोलीत माणसं पोट धरून हसत होती. आता जी शांतता पडते ती यजमानाने सांभाळायची. मिनिट, दोन मिनिटं. कुणीतरी आपणहून बोलेल, आणि बहुतेक वेळा ते पहिल्यांदा बघणारंच असतं.

गप्पा अडल्या तर एकच प्रश्न पुरतो: या दोघांनी तो फोटो आणखी कुणाकडे न्यायला हवा होता? पोलीस, वर्तमानपत्र, कोर्ट, लोक, असं करत करत जो तो आपल्या गावातल्या पुलावर, रस्त्यावर, इमारतीवर येतो. गेल्या वर्षी तीच चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, आज त्यांनी फोटो दाखवला असता तर लोक म्हणाले असते, एडिट केलाय. त्यावर मोठी माणसं दहा मिनिटं वाद घालत होती. तिच्या हातात अजून ती निगेटिव्हची पट्टी होती, आणि ती म्हणाली, ही दाखवायची ना मग.

सगळे उठायच्या आधी सिनेमाची पहिली पाच मिनिटं पुन्हा लावा. स्टुडिओचं उद्घाटन आहे, दोघांनी जमेल तशी सजावट केली आहे, नवे कपडे घातले आहेत आणि पाहुण्यांची वाट बघत दारात उभे आहेत. तीन तासांपूर्वी हा प्रसंग कुणी फारसा मनावर घेतलेला नसतो. आमच्याकडे ती पाच मिनिटं संपेपर्यंत चपला घालायला कुणी उठत नाही.